‘निगेटिव्ह’ एक्झोम आणि एक जादा अक्षर : नॉन-कोडिंग आरएनएचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी आमच्या जनुकीय सल्ला विभागात आली तेव्हा सात वर्षांची होती. (ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय गाभा तसाच ठेवला आहे.) गर्भारपण सुरळीत, बाळंतपण वेळेवर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अंग सैल वाटू लागलं, मान उशिरा धरली, स्वतःहून पाऊल टाकलं ते थेट चौथ्या वर्षी. उंची आणि डोक्याचा घेर दोन्ही वयाच्या मानाने मागे. झटके दुसऱ्या वर्षी सुरू झाले आणि औषधांनी बऱ्यापैकी आटोक्यात आले. बोलणं दोन-तीन शब्दांपुढे सरकलं नाही, पण समज त्याहून खूप जास्त होती. हवी ती वस्तू हाताला धरून दाखवायची, नको ती ढकलून द्यायची, आणि खोलीत कोण नवीन आलंय हे तिला आधी कळायचं.

सोबतची फाइल जाड होती. मायक्रोअॅरे नॉर्मल, फ्रॅजाइल एक्स निगेटिव्ह, चयापचयाच्या चाचण्या नॉर्मल, एमआरआयमध्ये बोट ठेवावं असं काही नाही. तिसऱ्या वर्षी दुसरीकडे एक्झोम सिक्वेन्सिंग (प्रथिनं लिहिणाऱ्या डीएनएचं वाचन) झालं होतं, तेही फक्त मुलीच्या रक्तावर. आईवडिलांचे नमुने घेतले गेले नव्हते. रिपोर्टात ‘रोगकारक बदल आढळला नाही’ असं होतं आणि खाली एक पुरवणी ओळ होती : प्रथिन बनवणाऱ्या एका जनुकात ‘अनिश्चित अर्थाचा’ एक बदल.

ही पुरवणी ओळच पुढे घरभर पसरली. शाळेच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर, नातेवाइकांच्या बोलण्यात त्या जनुकाचं नाव आजाराचं नाव म्हणून रुळलं. वडिलांनी त्या जनुकावरच्या लेखांची वहीच केली होती. वही नीटनेटकी होती, आणि त्यातलं जवळजवळ काहीच मुलीला लागू पडत नव्हतं.

अडचण

आईवडील आले ते एका प्रश्नासाठी. “डॉक्टर, बाकी सगळं राहू द्या. दुसरं मूल होऊ द्यायचं का नाही, एवढं सांगा.”

कारण माहीत नसताना या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. आजार अप्रभावी पद्धतीचा असेल आणि आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. बदल मुलीमध्येच नव्याने घडलेला असेल, तर साधारण १ टक्क्याच्या आसपास. ज्या घराला हा निर्णय घ्यायचाय, त्याच्यासाठी या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दुसरी निकड होती ती स्नायूंच्या बायोप्सीची. अंग सैल आहे, कारण सापडत नाही, म्हणून स्नायूचा तुकडा काढून बघू, असं आधीच्या तज्ज्ञांनी सुचवलं होतं आणि तारीखही ठरत आली होती.

आम्ही पहिल्यांदा त्या पुरवणी ओळीचा निकाल लावला. आईवडिलांच्या रक्तात तोच बदल शोधला. तो वडिलांमध्ये निघाला, आणि वडील ठणठणीत. म्हणजे हे कारण बाद. वही मिटवावी लागली. माणसं चुकीच्या का होईना, पण नावाला धरून उभी असतात, त्यामुळे नुसतं नाव काढून घेणाऱ्या भेटीला आम्ही दुपटीने वेळ ठेवतो.

‘निगेटिव्ह’ म्हणजे नेमकं कुठे पाहिलं?

एक्झोम चाचणीत प्रथिनांची कृती लिहिलेले डीएनएचे तुकडे तेवढे गळाला लावून बाहेर काढतात आणि वाचतात. माणसात अशी जनुकं सुमारे २०,००० आहेत आणि त्यांचा प्रथिन लिहिणारा भाग संपूर्ण जीनोमच्या २ टक्क्यांहून कमी. हा भाग निवडण्यामागे सरळ व्यवहार आहे : माहीत असलेल्या जनुकीय आजारांपैकी बहुतेकांची मुळं तिथेच सापडली आहेत. मात्र ती तिथे सापडण्याचं एक कारण असंही आहे की आपण सर्वाधिक शोधलं तिथेच.

ज्या जनुकांतून आरएनए तयार होतो पण त्याचं पुढे प्रथिन होत नाही, ती ‘नॉन-कोडिंग’ जनुकं यातून बहुतांशी सुटतात. आणि अशा आरएनएंची कामं एकसारखी अजिबात नाहीत. आजारांच्या इतिहासातूनच बघा. आरएमआरपी हा आरएनए प्रथिनांच्या सोबतीने एका कात्रीसारख्या यंत्रणेत बसतो. रायबोसोमच्या आरएनएची काटछाट हे या यंत्रणेचं एक काम. त्यातल्या बिघाडाने बुटकेपणा, विरळ केस आणि दुबळी प्रतिकारशक्ती असलेला आजार होतो, हे २००१ साली कळलं. त्याच वर्षी टेलोमरेजच्या आरएनएमधला बिघाड डिस्केराटोसिस कन्जेनिटा या आजारात सापडला. गुणसूत्रांची टोकं झिजू नयेत म्हणून टेलोमरेज हे एन्झाइम डीएनएचं जे अक्षर-अक्षर (म्हणजे एकेक घटक) जोडतं, त्याचा साचा म्हणजे हा आरएनए. तो कमी पडला की अस्थिमज्जा थकते, नखं-त्वचा बिघडते. २००९ मध्ये मायक्रोआरएनए-९६ ची पाळी आली. हा जेमतेम बावीस-तेवीस अक्षरांचा. दुसऱ्या आरएनएंवर चिकटून तो त्यांचं प्रथिन कमी करतो. कोणावर चिकटायचं हे ठरवणाऱ्या त्याच्या सात-आठ अक्षरांच्या टोकात बदल झाला की कुटुंबात पिढ्यानपिढ्या हळूहळू बहिरेपण येतं.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं चेसर या लांब आरएनएचं उदाहरण तर विलक्षण आहे. त्याचं जनुक सीएचडी२ या जनुकाच्या शेजारी असतं आणि त्याच गुणसूत्रावरच्या सीएचडी२ ला लगाम घालतं. सीएचडी२ कमी झालं की अपस्मार आणि बौद्धिक वाढीच्या अडचणी येतात, हे आधीपासून माहीत होतं. चेसरचा तुकडा गळालेल्या तीन असंबंधित मुलांमध्ये उलट सीएचडी२ जास्त झालं होतं, आणि त्यांनाही गंभीर मेंदूविकार होता. कोणतंही प्रथिन बिघडलेलं नाही, फक्त त्याचं प्रमाण सुटलं.

साचा, कात्रीचा भाग, आवर घालणारा, शेजाऱ्याचा लगाम. यांतल्या प्रत्येकात बिघाडाचं रूप निराळं असतं, म्हणून ‘नॉन-कोडिंग भाग तपासा’ अशी सरसकट सूचना प्रयोगशाळेला देऊन काही उपयोग होत नाही. नक्की कोणता आरएनए आणि त्यातला कोणता भाग, हे सांगावं लागतं.

पर्याय

बैठकीत चार गोष्टी मांडल्या गेल्या.

जुन्या एक्झोमच्या माहितीचं पुनर्विश्लेषण हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. मधल्या काळात नवी जनुकं आजारांशी जोडली गेलेली असतात, त्यामुळे नवा नमुना न घेताही काही प्रकरणं सुटतात. ते करायचंच होतं, आणि केलं. हाती काही आलं नाही. त्याच वेळी आम्ही एक जास्तीची गोष्ट पाहिली : आरएनयू४-२ या जनुकाच्या (यातून प्रथिन नव्हे, यू४ नावाचा लहान आरएनए बनतो) जागेवर जुन्या चाचणीत किती वाचनं, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, आहेत? एकही नव्हतं.

हे जनुक डोक्यात असण्याचं कारण होतं. २०२४ च्या जुलैमध्ये ‘नेचर’मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. आरएनयू४-२ मधल्या नव्याने घडलेल्या बदलांमुळे होणारा मेंदूविकासाचा आजार त्यात ११५ जणांमध्ये दाखवला होता. आजाराला पुढे रेनू सिंड्रोम हे नाव पडलं. सगळ्या मेंदूविकासाच्या विकारांपैकी सुमारे ०.४ टक्क्यांमागे हे एकच जनुक असावं, असा अंदाज होता. एका जनुकाच्या मानाने हे प्रमाण प्रचंड आहे. लक्षणांची यादी (सैल अंग, लहान डोकं, कमी उंची, झटके, अगदी मोजकं बोलणं) आमच्या मुलीशी जुळत होती. पण खरं सांगायचं तर ही यादी शंभर आजारांशी जुळते.

दुसरा पर्याय, फक्त या एका जनुकाची सँगर चाचणी, म्हणजे डीएनएचा एकच छोटा भाग नेमका वाचणं. जनुक दीडशे अक्षरांपेक्षाही लहान, त्यामुळे काम झटपट आणि कमी खर्चाचं. निघालं तर उत्तम. नाही निघालं तर पुन्हा जिथल्या तिथे.

तिसरा, मुलगी आणि आईवडील अशा तिघांचं संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग. महाग आणि वेळखाऊ, पण यात चेसरसारखे गळालेले तुकडे, इतर लहान आरएनए आणि इंट्रॉनमधले (जनुकातल्या, नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागांमधले) बदलही दिसतात. शिवाय आईवडील सोबत असल्याने ‘नवा की वारशाने आलेला’ हे लगेच कळतं.

चौथा, आधी ठरलेली स्नायूची बायोप्सी आणि त्या ऊतीतून आरएनए सिक्वेन्सिंग. मुलीला भूल द्यावी लागणार होती.

वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात रंगला. एक सहकारी सँगरच्या बाजूने होत्या आणि त्यांचा मुद्दा वजनदार होता : “०.४ टक्के हा सगळ्यांतला आकडा आहे. एक्झोम निगेटिव्ह आलेल्या, अशा चेहरामोहऱ्याच्या मुलांत तो नक्कीच जास्त असणार. आठवड्यात कळेल.” तरीही आम्ही तिघांच्या जीनोमचा मार्ग धरला. घरच्यांना दुसऱ्या मुलाबद्दल ठरवायचं होतं, आणि एका जनुकाच्या ‘नाही’ने त्यांना काहीच मिळालं नसतं. बायोप्सी जीनोमचा निकाल येईपर्यंत थांबवली. आज मागे वळून पाहता, हे दोन्ही एकदम करायला हरकत नव्हती. सँगरचा खर्च जीनोमच्या मानाने किरकोळ होता.

काय घडलं

जीनोमचा पहिला रिपोर्ट आला : रोगकारक बदल आढळला नाही.

इथे प्रकरण बंद होऊ शकलं असतं. फाइलवर ‘संपूर्ण जीनोम निगेटिव्ह’ असा शिक्का बसला की पुढची काही वर्षं तिला कोणी हात लावत नाही. पण आम्ही नमुना पाठवताना आरएनयू४-२ चं नाव लिहून दिलं होतं आणि रिपोर्टात त्याचा ना होकार होता ना नकार. म्हणून प्रयोगशाळेकडे एकच विचारणा केली : या जागेवरची कच्ची वाचनं दाखवाल का?

त्यांनी दाखवली. बदल तिथेच होता.

जीनोममध्ये प्रत्येक माणसात लाखो बदल असतात, त्यामुळे संगणक चाळणी लावतो. प्रत्येक बदलाला परिणामाची एक श्रेणी मिळते : प्रथिन तुटतं, प्रथिनातलं अमिनो आम्ल बदलतं, वगैरे. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएमधल्या बदलाला बहुतेक सॉफ्टवेअर सगळ्यांत खालची श्रेणी देतात, आणि ही श्रेणी पहिल्याच चाळणीत गळते. आमच्या मुलीतला बदल यंत्राने अचूक वाचला होता, अचूक नोंदला होता, आणि पुढच्याच पायरीवर टाकून दिला होता.

पडद्यावर ते चित्र असं दिसत होतं : एकाखाली एक रचलेली वाचनं, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास एक अक्षर जादा घुसलेलं. आईच्या आणि वडिलांच्या वाचनांत ते कुठेच नाही. संशोधन लेखांत हा बदल ‘६४ आणि ६५ च्या मध्ये एक टी’ असा लिहितात, तर पडद्यावर ‘ए’ दिसत होता. त्यावरून क्षणभर गोंधळ उडाला. आरएनयू४-२ गुणसूत्र १२ च्या उलट्या धाग्यावरून वाचलं जातं, म्हणून संदर्भ जीनोमच्या बाजूने पाहिलं की टी च्या जागी त्याचा जोडीदार ए दिसतो. आरएनएमध्ये उतरताना तोच यू होतो.

खात्री करून घेणं गरजेचं होतं. जीनोममध्ये यू४ च्या निकामी प्रती ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत, आणि आरएनयू४-१ हे अगदी थोड्याच अक्षरांनी वेगळं असलेलं भावंड जवळच आहे. भलत्याच प्रतीचं वाचन इथे येऊन चिकटलं नाही ना? म्हणून सँगरसाठीचे प्रायमर (वाचन कुठून सुरू करायचं ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जनुकाच्या आत न ठेवता दोन्ही बाजूंच्या, जीनोममध्ये एकदाच येणाऱ्या भागात ठेवले. मुलीत बदल पक्का झाला, आईवडिलांत नव्हता.

एका अक्षराने नेमकं काय बिघडतं?

जनुकातून आधी लांबलचक आरएनए निघतो. त्यातले मधले इंट्रॉन कापून उरलेले तुकडे सांधायचे असतात. हे काम स्प्लायसिओसोम करतो. त्यात शंभराहून अधिक प्रथिनं आहेत, पण प्रत्यक्ष रासायनिक कापाकापी घडते ती त्याच्या आरएनएच्या गाभ्यात. त्यातला यू६ हा आरएनए सगळ्यांत घातक, म्हणजे वेळेआधी मोकळा सुटला तर कुठेही काप घालू शकेल असा. यू४ त्याच्याशी अक्षर-अक्षर जोडी करून त्याला धरून ठेवतो. योग्य इंट्रॉनची सुरुवात समोर आली की यू६ तिच्याशी जुळतो, मग एक प्रथिन यू४-यू६ ची जोडी सोडवतं, यू४ निघून जातो आणि यंत्र चालू होतं.

इंट्रॉनची सुरुवात ओळखणारा यू६ चा छोटा पट्टा योग्य कोनात धरला जाणं इथे कळीचं आहे. यू४ मधली जी सुमारे १८ अक्षरं यासाठी लागतात, त्याच पट्ट्यात रेनू सिंड्रोमचे बदल दाटीने सापडतात. निरोगी लोकांत या पट्ट्यात बदल फार विरळा. जादा घुसलेल्या एका अक्षराने यू४ नष्ट होत नाही, तो यंत्रात बसतो, पण पकड सरकते. परिणामी काही जनुकांत काप थोडा इकडे किंवा तिकडे पडतो. रुग्णांच्या रक्तातल्या आरएनएमध्ये इंट्रॉनच्या सुरुवातीच्या जागांची निवड बदललेली दिसलीही आहे.

शरीरातली प्रत्येक पेशी यू४ वापरते, मग मार मेंदूलाच का? विकसित होणाऱ्या मेंदूत यू४ चा मोठा वाटा आरएनयू४-१ पेक्षा आरएनयू४-२ कडून येतो, हे एक पटणारं कारण. पण त्याने सगळं सुटत नाही. कारण याच जनुकातल्या वेगळ्या जागेवरच्या बदलांनी मेंदू शाबूत राहून फक्त डोळ्याचा पडदा झिजतो, असं २०२५ मध्ये दाखवलं गेलं. एकच आरएनए, काही अक्षरांचं अंतर, आणि आजार पूर्ण निराळा.

निष्पत्ती

बायोप्सी रद्द झाली. औषध नाही, आणि ते आम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलं. पण झटके, भरवणं, नजर आणि वाढ यांवर पुढे काय लक्ष ठेवायचं, हे इतर मुलांच्या अनुभवावरून आता ठरवता आलं. मूळ प्रश्नाचं उत्तरही मिळालं : बदल नव्याने घडलेला, पुढच्या वेळचा धोका १ टक्क्याच्या घरात, आणि हवं असल्यास गर्भजल तपासणीत नेमकं हेच अक्षर पाहता येईल.

एक नाजूक निर्णय उरला होता. या आजारातले बदल जवळजवळ नेहमी आईकडून आलेल्या गुणसूत्रावर असतात. असं का, हे अजून नीट उलगडलेलं नाही. मुलीत तो कोणत्या गुणसूत्रावर आहे ते शोधणं शक्य होतं, पण उपचारात त्याने काडीचा फरक पडणार नव्हता. म्हणून ती चाचणी केली नाही. पण न केल्याने विषय टळणार नव्हता. घरी जाऊन आई हे वाचणारच. तेव्हा आम्हीच तो काढला. त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्यामुळेच ना?” त्यांना आकृती काढून दाखवलं की त्यांच्या स्वतःच्या रक्तात हा बदल नाही आणि तो घडण्याचा खाण्यापिण्याशी, कामाशी, काळजीशी संबंध नाही. एका भेटीत हे पटलं असं म्हणणार नाही. पुढच्या भेटीत तोच प्रश्न वडिलांनी, बायको खोलीबाहेर असताना विचारला.

वेगळं काय करता आलं असतं?

तिसऱ्या वर्षी तिघांचे नमुने एकत्र घेतले असते, तर निदान झालं नसतंच, कारण तेव्हा या आजाराचा पत्ताच लागला नव्हता आणि एक्झोममध्ये ते जनुक नव्हतंही. पण चुकीचं नाव चार वर्षं घरात राहिलं नसतं. एकट्या मुलाचा एक्झोम स्वस्त पडतो तो कागदावर.

रिपोर्टाची भाषा हा माझ्या मते यातला सगळ्यांत सुधारण्याजोगा भाग. ‘आढळलं नाही’ यामागे तीन परिस्थिती असू शकतात : वाचलं आणि ठीक होतं, वाचलंच गेलं नाही, वाचलं पण चाळणीत गेलं. आमच्या फाइलमध्ये यांतल्या शेवटच्या दोन्ही घडल्या आणि दोन्ही वेळा छापील वाक्य तेच होतं. नॉन-कोडिंग जनुकांची एक छोटी, नावानिशी यादी चाळणीतून वगळावी आणि रिपोर्टात त्यांच्यापुढे वाचनसंख्या द्यावी, ही मागणी आम्ही त्या प्रयोगशाळेकडे केली आणि ती मान्य झाली. सुरुवातीच्या यादीत आरएमआरपी, टेलोमरेजचा आरएनए, आरएनयू४एटॅक, चेसर आणि आरएनयू४-२ होते. मग आरएनयू२-२ आलं, जे आधी निकामी प्रत म्हणून मोडीत काढलेलं होतं. त्यापाठोपाठ स्प्लायसिओसोममधल्याच यू५ या आरएनएची जनुकं आली.

सगळं नॉन-कोडिंग चाळणीतून मोकळं सोडावं, असा एक आग्रह बैठकीत झाला होता. तो मला पटत नाही. आजच्या याद्यांत नुसत्या लांब नॉन-कोडिंग आरएनएंची जनुकंच प्रथिन जनुकांहून जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं काम ठाऊक नाही. ती दारं उघडली तर प्रत्येक घराला ‘अनिश्चित अर्थाची’ एक वही मिळेल.

विभागातल्या जुन्या निगेटिव्ह जीनोम फाइली नव्या यादीने पुन्हा चाळायला घेतल्या आहेत. एक्झोमच्या फाइलींत या जागांची वाचनंच नसल्याने तिथे नव्याने रक्त मागवावं लागतंय. एका मुलाच्या फाइलमध्ये आरएनयू४-२ मध्येच, पण त्या १८ अक्षरांच्या बाहेर बदल दिसला आहे. आईवडिलांचे नमुने येईपर्यंत तो रिपोर्टात घातलेला नाही.